आलेखातला शुक्रवार

माझी आई लोकांना सांगते, "आमची मुलगी पर्यावरणात आहे." कुणी रेल्वेत असतं, कुणी पोस्टात असतं, तशी मी पर्यावरणात. समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "पर्मनंट?" आई म्हणते, "एक वर्षाचं आहे. पण महिन्याच्या महिन्याला खात्यात पैसे येतात." एवढं ऐकलं की लोकांचं समाधान होतं. फेलोशिप हा शब्द आमच्या इमारतीत कुणाच्या तोंडात बसला नाही आणि मीही तो बसवायच्या भानगडीत पडले नाही. कुणाला काही समजावून सांगणं मला जमत नाही. इंग्रजीत चार पानं लिहून दे म्हणा, देईन. जिन्यात भेटलेल्या काकूंशी दोन मिनिटं बोल म्हणा, मी चप्पल शोधायच्या निमित्ताने परत घरात जाईन.

पदवी मिळून दोन वर्षं व्हायच्या आतल्या मुलामुलींसाठी ती फेलोशिप होती. पर्यावरणाचं काम करायचं, तेही आपल्याच गावात राहून, आणि त्याचं मानधन घ्यायचं. बी.एस्सी. झाल्यावर माझ्यापुढे तोवर दोन वाटा होत्या. एक, माझ्याच शाळेत जाऊन पहिली-दुसरीला शिकवायचं. दुसरी, हायवेलगतच्या वडप्याच्या एखाद्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी करायच्या. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली तिकडे गेल्या आणि त्यांचं चांगलं चाललंय. मी अर्ज भरला तो मुख्यतः यासाठी, की तो पूर्ण लेखी होता.

मुलाखत मात्र लेखी नव्हती. व्हिडिओवर तीन जण होते. त्यांनी विचारलं, तुझ्या गावातला पर्यावरणाचा एक प्रश्न सांग. मी तयारी केली होती, पण त्या क्षणी एकही वाक्य सुचेना. मी लॅपटॉप उचलला आणि खिडकीकडे वळवला. समोरच्या सायझिंगची चिमणी तेव्हा काळा धूर सोडत होती. तिघेही पडद्याजवळ सरकले. मग त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "खिडकी लावून घे, बाळ. कळलं आम्हाला." याच पुढे माझ्या मार्गदर्शक झाल्या. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणतो.

सायझिंग म्हणजे काय हे भिवंडीबाहेरच्यांना सांगावं लागतं. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जो उभा धागा ताणून लावतात तो आधी खळीत बुडवून, वाफेवर वाळवून, बीम नावाच्या मोठ्या रुळावर गुंडाळावा लागतो. नाहीतर तो विणताना तुटतो. हे खळ देण्याचं काम सायझिंगमध्ये होतं. वाफेसाठी बॉयलर लागतो आणि बॉयलरला लाकूड. लाकूड महाग झालं की त्यात चिंध्या जातात, प्लॅस्टिक जातं. आमच्या घरासमोरच्या सायझिंगच्या अगदी भिंतीला लागून एक बालवाडी आहे. तिच्या त्या बाजूच्या खिडक्या मी कधी उघड्या पाहिल्या नव्हत्या.

माझं काम ठरलं ते असं: बालवाडीच्या कठड्यावर, सायझिंगच्या आवारात आणि आमच्या गच्चीवर हवेतली धूळ मोजणारं एकेक यंत्र लावायचं. यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं, म्हणून सगळे त्याला डबाच म्हणत. अडीच महिने नोंदी घ्यायच्या. सायझिंग चालू असतानाची हवा आणि बंद असतानाची हवा यांची तुलना करायची. दोन्हींत फरक दिसला तर धूर बालवाडीत जातो याचा पुरावा मिळेल. सहा महिन्यांनी आढावा होणार होता. आम्ही आठ फेलो होतो. ज्यांचं काम समितीला पटेल त्यांनाच पुढचे सहा महिने मिळणार होते. बाकीच्यांना प्रमाणपत्र आणि शुभेच्छा.

मला ते पुढचे सहा महिने हवे होते. आजवर कुठलीच गोष्ट मला इतकी हवीशी वाटली नव्हती. पहिल्यांदाच असं एक काम मिळालं होतं, ज्यात कमी बोलून, नीट बघून, बारीक नोंदी ठेवून भागत होतं, आणि त्याला लोक काम म्हणत होते.

सायझिंगच्या आवारात डबा लावायला मिळाला तो पप्पांमुळे. पप्पा जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. पडघ्याजवळच्या गावातून तरुणपणी इथे आले आणि त्याच कारखान्यात टिकले. त्यांच्या सेठचे बीम याच सायझिंगमधून येतात. सायझिंगचे मालक जुन्या कोकणी मुसलमान घरातले, वयस्कर, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी परवानगी मागायला गेले आणि दारातच उभी राहिले. ते म्हणाले, "जॉबरची मुलगी ना तू? मग आत ये. बाप येतो तेव्हा तर न विचारता चहा सांगतो."

"इथे एक डबा लावायचा होता."

"लाव. फुटणार तर नाही?"

"नाही."

"मग आमचं काय बिघडतं. धूर लपवून लपतो थोडाच."

अडीच महिने मी शुक्रवार-रविवार सोडून रोज सकाळ-संध्याकाळ तिन्ही डबे तपासले; त्या दोन दिवसांचे डब्यात साठलेले आकडे दुसऱ्या दिवशी उतरवून घेतले. वहीत लिहिलं: आज लाकूड, आज लाकूड आणि चिंधी, आज वारा खाडीकडून. दर शुक्रवारी आम्हा फेलोंची ठाण्याला बैठक असे, म्हणून त्या दिवशी मी सकाळी सातच्या बसने निघायची आणि अंधार पडता परत यायची. नोंदींसाठी फेलोशिप देणाऱ्या संस्थेने एक तयार तक्ता दिला होता. त्यात रविवार आधीच हिरव्या रंगात होता, सुट्टीचा दिवस म्हणून. बाकीचे सहा दिवस कामाचे, पांढरे. एखादा आकडा इतरांपेक्षा फारच कमी किंवा फारच जास्त आला की तक्ता तो लाल करायचा आणि शेजारच्या रकान्यात कारण मागायचा.

शुक्रवारचे आकडे लाल व्हायचे. फार कमी यायचे. मी कारण लिहिलं: वीजपुरवठा बंद. शुक्रवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते हे लहान मुलालाही माहीत आहे. डब्याचं चार्जिंग उतरत असणार, म्हणून तो चुकीचं दाखवत असणार, असं मी धरलं. ते आकडे तुलनेतून काढून टाकले. मग उरलेल्या कामाच्या दिवसांची रविवारशी तुलना केली. काहीही फरक नव्हता. रविवारी धूळ होती तेवढीच होती.

मी अहवालात लिहिलं की सायझिंगचा बालवाडीच्या हवेवर वेगळा परिणाम दिसत नाही; धूळ बहुधा हायवेच्या ट्रकांची असावी. सोबत रंगीत आलेख जोडला. मॅडमनी कळवलं की मांडणी अतिशय स्वच्छ आहे, आढाव्यात हाच सगळ्यात आधी ठेवू. मी तो निरोप तीनदा वाचला. चाचांनी एक प्रत मागितली होती, ती नेऊन दिली. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलाच्या काचेखाली सरकवली.

दोन दिवसांनी बालवाडीच्या बाई जिन्याशी भेटल्या. बोलताना त्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत. म्हणाल्या, "चाचांनी दाखवला तुमचा कागद. बरं झालं हो. आता पोरांना सांगते, बाळांनो, हा खोकला हायवेचा आहे, इथला नाही." एवढं बोलून त्या बालवाडीकडे गेल्या. मला त्यांचा राग आला. यंत्राने जे दाखवलं तेच मी लिहिलं होतं.

आढावा बुधवारी होता. त्याआधीच्या रविवारी संध्याकाळी मी घरात बोलण्याची तालीम करत होते. लॅपटॉप शिलाई मशीनवर, मी भिंतीकडे तोंड करून, इंग्रजीत. पप्पा दिवसपाळी करून आले होते आणि चहा पीत होते. आईने त्यांना ताकीद दिली होती की मध्ये बोलायचं नाही. त्यांनी बराच वेळ पाळली.

मी चुकून दुसरं पान उघडलं. तो कच्चा आलेख होता, काहीही काढून न टाकलेला. पप्पांनी कप खाली ठेवला.

"थांब बाय. ह्ये काय हाय?"

"ते कच्चं आहे. हे दाखवायचं नाही."

"न्हाय, पर ह्ये खड्डे कसले?" त्यांनी पडद्याला बोट लावलं. तेलाचं बोट. मला ते पुसून घ्यावंसं वाटलं. ते दोन खड्ड्यांमधले दिवस मोजत पुढे गेले. "सात. परत सात. परत सात."

"तिथे यंत्र चुकलंय."

"यंत्र चुकलं तर कसंबी चुकल. ह्ये मोजून चुकतंय." मग त्यांनी मला जे सांगितलं ते ते कारखान्यात नव्या माणसाला सांगत असणार, त्याच सुरात. कापडात एखाद्या ठिकाणी दोष आला तर धागा तुटला म्हणायचा, सोडून द्यायचं. पण तोच दोष ठरावीक अंतराने परत परत आला तर धाग्याला दोष द्यायचा नाही. काहीतरी फिरतंय आणि दर फेऱ्याला तिथे लागतंय. ते काय, ते शोधायचं. "वार कोनता हाय खड्ड्याला?"

"शुक्रवार. लाइट जाते ना, म्हणून."

आई दळण निवडायची थांबली.

"लाइट जाते म्हनून शुक्रवार बंद न्हाय, बाय. शुक्रवारी समदं बंद असतं म्हनून त्या दिवशी लाइट घालवतात."

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात. सायझिंग शुक्रवारी बंद असतं. बाजार शुक्रवारी बंद असतो. रविवारी सगळं चालू असतं; समोरची चिमणीही रविवारी धूर सोडते, आणि तो मी खिडकीतून पाहत आले होते. माझे स्वतःचे वडील त्या रविवारी, त्याच दिवशी, पाळी करून आले होते आणि माझ्यासमोर बसून चहा पीत होते.

मला शुक्रवार माहीत नव्हता असं नाही. पप्पा शुक्रवारी घरी असतात हे मला जन्मापासून माहीत होतं. पण ती पप्पांची सुट्टी, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. माझी सुट्टी रविवारची. शाळेची, कॉलेजची, फेलोशिपचीही. शुक्रवारी मी कायम गणवेश घालून नाहीतर बॅग घेऊन बाहेर. मे महिन्यात आम्ही गावाला. ज्या गावात वाढले त्याचा शुक्रवार मी दिवसाउजेडी पाहिलाच नव्हता. सकाळी सातला रस्ता मोकळा मिळतो म्हणून खूश व्हायची आणि कानात गाणी लावून बसमध्ये चढायची.

मी काढून टाकलेले आकडे परत आत घेतले. डब्याच्या बॅटरीची नोंद वेगळी असते. ती मी आधी उघडूनही पाहिली नव्हती. बॅटरी शुक्रवारी व्यवस्थित होती. शुक्रवार सुट्टी आणि बाकीचे सहा कामाचे, असं धरून तुलना केली. फरक इतका होता की आलेख वाचता न येणाऱ्यालाही दिसावा. एकच गोष्ट कळेना. प्रत्येक शुक्रवारी सकाळी तासभर धूळ एकदम वर जात होती आणि मग खाली बसत होती.

"राख काढत्यात तेव्हा," पप्पा म्हणाले. "बॉयलर गार झाला की खरडून काढत्यात."

"बंद कर आता ते," आई म्हणाली. "बुधवारी काय बोलणार आहेस ते सांग."

तोच प्रश्न होता. अहवाल गेलेला होता, तो आवडलेला होता. समितीतल्या कुणाला भिवंडीचा शुक्रवार माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी गप्प बसले तर पुढचे सहा महिने जवळजवळ माझे होते, आणि गप्प बसणं ही तर मला सगळ्यात सोपी जाणारी गोष्ट. हे मनात आलं, आणि आलं हे इथे लिहिते. अर्धा तास तरी ते मनात होतं.

पप्पांनी मला उपदेश केला नाही. इतकंच म्हणाले, की त्यांच्या हातून बीम चुकीचा बसून कापड खराब झालं, तर ते कापड तपासणीला जायच्या आधीच सेठकडे जाऊन सांगतात, यात माझी चूक हाय. "तिथं जाऊन सापडलं तर पुढच्या वेळी चांगलं कापडबी उलटं करून बघत्यात."

"तुम्हाला सेठने कधी काढलं का?"

"शिव्या दिल्या. काढलं न्हाय."

सोमवारी सकाळी मी मॅडमना मोठा ईमेल लिहिला. मग तो पाठवला नाही. फोन केला. माझ्या आयुष्यात मी आपणहून केलेले फोन बोटांवर मोजता येतील. सगळं एका दमात सांगितलं.

"तू तिथलीच आहेस म्हणून सुट्टीचा वार मी विचारला नाही," मॅडम म्हणाल्या. आवाजात राग होता की नाही ते मला ओळखता आलं नाही. "चुकीचा अहवाल कुणाकुणाकडे गेलाय?"

"तुमच्याकडे. आणि सायझिंगच्या मालकांकडे."

"त्यांना सांगितलंस?"

"नाही अजून."

"बुधवारच्या आधी सांग. आणि बुधवारी दोन्ही आलेख आण. चुकीचा आधी दाखवायचा." मग म्हणाल्या, "काय होईल ते मी आत्ता सांगू शकत नाही. निर्णय माझ्या एकटीचा नसतो."

मंगळवारी चाचांकडे गेले. नवा कागद टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, आधी मला बसायला सांगितलं. मी सांगितलं की पहिल्या कागदात माझी चूक झाली, मी सुट्टी रविवारची धरली.

"रविवारची?" त्यांनी चष्मा काढला. "भिवंडीत?"

"हो."

"अगं, शुक्रवार कोणाला माहीत नाही इथे?"

"मला."

ते हसायला लागले. इतके हसले की बाहेरून त्यांचे मुनीम डोकावले. "सुनो, जॉबर की लडकी ने इतवार को सायझिंग बंद करा दी," चाचा त्यांना म्हणाले. मुनीमही हसले. मग चाचांनी नवा कागद वाचायला घेतला आणि हसणं संपलं. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण दोन रेघा वेगळ्या दिसत होत्या.

"पहलेवाला मुझे पसंद था," ते म्हणाले.

"मलाही."

"हे उद्या देणार? माझं नाव आहे यात?"

"नाव कुणाचंच नाही."

"बालवाडीला लागून सायझिंग किती आहेत भिवंडीत? नाव कशाला पाहिजे." त्यांनी कागद खाली ठेवला. "चिंधी जाळू नका म्हणशील. बरोबर आहे. लाकडाला काय पडतं, ते विचारलंस तू कधी?"

नव्हतं विचारलं. वहीत मी रोज लाकूड की चिंधी एवढंच लिहीत होते, का ते कधी लिहिलं नव्हतं. मी म्हणाले, "पुढचे सहा महिने मिळाले तर तेच विचारायचं आहे."

"आणि नाही मिळाले तर?"

"तरी विचारीन. पण मग डबे परत द्यावे लागतील."

त्यांनी काचेखालचा जुना कागद बाहेर काढून माझ्या हातात दिला. नवा काचेखाली ठेवला नाही, पण खणात ठेवला. "चहा पिऊन जा," म्हणाले.

बुधवारी ठाण्याला समितीचे पाच जण टेबलाच्या एका बाजूला होते आणि आम्ही आठ दुसऱ्या बाजूला. माझा नंबर आता पहिला नव्हता; माझ्या आधीच्या मुलाने खारफुटीवर इतकं सफाईने सांगितलं की मी पिशवीतली वही चाचपून पाहिली. माझी पाळी आली. मी चुकीचा आलेख लावला आणि म्हणाले, हा माझा अहवाल आहे आणि तो चूक आहे. मग दुसरा लावला. तो बरोबर आहे असं म्हणाले. मग का, ते सांगितलं. तालीम केलेलं एकही वाक्य वापरलं नाही, कारण ती सगळी पहिल्या आलेखाची होती.

समितीतले एक पिकल्या केसांचे गृहस्थ पुढे झुकले. "पण तू तर तिथेच राहतेस. तुझे वडील लूमवर आहेत असं इथे लिहिलंय. तुला हे कसं माहीत नव्हतं?"

"माझ्या शाळेला रविवारी सुट्टी असायची," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत. "ते कळलं. पण मग तुझ्या बाकीच्या नोंदींवर आम्ही विश्वास का ठेवावा?"

मी पिशवीतून वही काढली आणि त्यांच्यापुढे नेऊन ठेवली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, सगळे बघत असताना. प्रत्येक शुक्रवारचं पान दुमडलेलं होतं. मी म्हणाले, "मी काढून टाकलेला प्रत्येक आकडा इथे आहे. का काढला तेही लिहिलंय. कारण चूक आहे, पण आकडा पुसलेला नाही. म्हणून माझ्या वडिलांना तो दिसला." मग वाटलं की एवढ्याने भागणार नाही, म्हणून राखेचं सांगितलं. शुक्रवारी सकाळी तासभर धूळ का वाढते ते यंत्राला माहीत नाही, मलाही नव्हतं, ते जॉबरला माहीत होतं. पुढचे सहा महिने मिळाले तर अशा माणसांना आधी विचारीन आणि यंत्र नंतर लावीन.

मॅडम तेव्हा बोलल्या. म्हणाल्या की तक्ता संस्थेने दिला, त्यात रविवार हिरवा संस्थेने केला, आणि लाल आकड्यांचं कारण वाचून सही त्यांनी केली. तेव्हा चूक मोजायचीच तर सगळ्यांची मोजा. गृहस्थ वही चाळत राहिले. "बस," म्हणाले. मी बसले. मला आतून फार बरं वाटत होतं. तसं वाटणं मला नवीन होतं. पहिल्या अहवालाचं कौतुक झालं तेव्हा मी निरोप तीनदा वाचला होता. यावेळी कुणी कौतुक केलं नव्हतं आणि मला परत काही वाचावंसं वाटत नव्हतं.

निर्णय पुढच्या आठवड्यात आला, सोमवारी दुपारी, ईमेलने. आठांपैकी पाच जणांना पुढचे सहा महिने मिळाले होते. मी पाचांत होते. खाली दोन ओळींची टीप होती, की काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, आणि नवा तक्ता मी स्वतः तयार करावा, ज्यात सुट्टीचा वार आधी रंगवलेला नसेल. तो प्रत्येक फेलोने आपल्या गावात विचारून भरावा.

आई घरी नव्हती. फोनवर सांगता आलं असतं, पण पप्पा कामावर फोन उचलत नाहीत. उचलला तरी ऐकू येत नाही. मी कारखान्यात गेले. लहानपणी एकदा जेवणाचा डबा द्यायला गेले होते, त्यानंतर पहिल्यांदाच. दारातच आवाज अंगावर येतो. कानाने ऐकण्यासारखा तो राहत नाही, छातीत वाजतो. आतली माणसं सहसा आवाज काढत नाहीत, हातांनी आणि ओठांच्या हालचालींनी बोलतात. मला बघून एका विणकराने हवेत पाना फिरवल्यासारखं करून भुवया उंचावल्या: जॉबर पाहिजे? मी मान हलवली. त्याने टोकाकडे बोट केलं.

पप्पा एका चालू लूमजवळ वाकून उभे होते. मी समोर गेले आणि म्हणाले, "मिळाले." त्यांना काहीच कळलं नाही. मी परत म्हणाले. त्यांनी कानाला हात लावला. मग मी सहा बोटं दाखवली आणि मान डोलावली.

पप्पांनी हात पुढे करून दांडा ओढला आणि लूम थांबवला. त्याने आवाजात काही फरक पडला नाही, बाकीचे सगळे चालूच होते. पण चालू लूम जॉबर उगाच थांबवत नाही; थांबला तर विणकराची मजुरी बुडते. त्यावरचा विणकर, उत्तर प्रदेशचा, पप्पांच्याच वयाचा, लगेच आला आणि त्यांच्या कानाशी ओरडला, "का हुआ उस्ताद? टूटा?"

"न्हाय रे," पप्पा ओरडले. "लडकी पास हुई."

"तो मेरा लूम काहे बंद किये हो? किसी और का बंद करो."

पप्पांनी तेलाचे हात सदऱ्याला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. विणकरानेही बघितलं. "कौन सा इम्तिहान था?" त्याने विचारलं.

त्याच्यापर्यंत पोचायचं तर मोठ्याने बोलावं लागणार होतं. मी त्याच्याजवळ सरकले आणि होता तेवढा आवाज काढून सांगितलं की परीक्षा नव्हती, काम आहे, आणि मला त्याला पण काही विचारायचंय, या लूमजवळ धूळ किती उडते आणि सगळ्यात जास्त कधी. मग त्याने लूम चालू केला आणि बोटाने दाखवलं, इथे उभी राहा, आणि बघ.